आरशांच्या मधली जागा

अंधाऱ्या प्रयोगशाळेत हेलियम-निऑन वायूंच्या लेझरची काचनळी उजळली आहे आणि समोरच्या भिंतीवर एक लाल ठिपका पडला आहे; मधोमध सर्वांत तेजस्वी, कडेकडे हळूहळू विरत जाणारा. नळीतला वायू तर चहूबाजूंना प्रकाशतो आहे. मग या ठिपक्याला त्याचा आकार मिळतो तो नळीच्या दोन टोकांना समोरासमोर बसवलेल्या आरशांमुळे.

डिसेंबर 1960 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत अली जवान, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरियट यांनी पहिला वायू-लेझर चालवला, तेव्हा हे आरसे सपाट होते आणि ते समांतर ठेवण्यासाठी कमालीची काटेकोर जुळणी करावी लागे. पुढच्याच वर्षी तिथल्याच फॉक्स आणि ली यांनी संगणकाच्या साहाय्याने एक तरंग या आरशावरून त्या आरशावर 300 वेळा धाडून पाहिला. दर खेपेला आरशांच्या कडांवरून थोडा प्रकाश निसटत गेला आणि अखेर उरला तो फेरीगणिक स्वतःचा आकार जपणारा तरंग. लेझरचा झोत म्हणजे हाच टिकून राहिलेला तरंग होय.

अंतर्वक्र आरसे पसरणारा प्रकाश पुन्हा आत वळवतात, म्हणून त्यांची जुळणी सोपी जाते. 30 सेंटीमीटर वक्रता-त्रिज्येचे दोन आरसे तितक्याच अंतरावर ठेवले, तर लाल झोताची मधली, सर्वांत बारीक जागा सुमारे 0.35 मिलिमीटर रुंद असते, आणि वाटेत भिंग नसेल तर 10 मीटरवर तोच झोत सव्वादोन सेंटीमीटरपर्यंत पसरतो. तेच आरसे 60 सेंटीमीटरपेक्षा दूर नेले, की प्रकाश आत टिकत नाही आणि लेझर विझतो. बारामतीत जन्मलेल्या कुमार पटेल यांनी 1964 मध्ये बेल प्रयोगशाळेतच घडवलेल्या कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी या लाल झोताच्या तरंगलांबीच्या जवळजवळ 17 पट आहे. त्यामुळे त्याच मापाच्या रचनेत त्याचा झोत चौपट जाड होईल आणि चौपट वेगाने पसरेलही.

आता डोक्याचा एक केस नळी आणि आरसा यांच्या मधोमध, झोतावर आडवा धरू या. मघाचा तरंग नेमका मध्यावरच अडतो. त्याच्या जागी, जिथे केस आहे तिथे मुळात प्रकाशच नसलेला दुसरा तरंग तग धरतो, आणि भिंतीवर एकावर एक असे दोन लाल ठिपके उमटतात, मध्ये एक काळी रेघ ठेवून.