पाटीवरची दोन सालं

नमस्कार मंडळी.

सुट्ट्या लागल्या की आपण गाड्या काढतो आणि चार-चार राज्यं पालथी घालतो. वाटेत खांबांवर इतिहासाच्या पाट्या दिसतात. आपल्या पेनसिल्व्हेनियात त्या निळ्या, सोनेरी-पिवळ्या अक्षरांच्या. व्हर्जिनियाने 1927 च्या सुमारास, मोटारी वाढू लागल्या तेव्हा, हमरस्त्यांवर त्या लावायला घेतल्या. टेक्सासमध्ये आज सोळा हजारांवर आहेत. माझी विनंती एवढीच, की गाडी थांबवा, मुलांना खाली उतरवा आणि पाटीवर दोन सालं शोधा: घटना घडली ते आणि पाटी लागली ते. दुसरं साल खाली बारीक अक्षरात असतं. नसलं तर घरी येऊन शोधा, पण सोडू नका.

लुइझियानातल्या कोलफॅक्सचं उदाहरण देतो. 1872 ची राज्याची निवडणूक वादात सापडली आणि तिथल्या कोर्टाच्या इमारतीवर ताबा कोणाचा, यावरून तंटा पेटला. इमारत राखत होते ते बहुतेक नुकतेच गुलामीतून सुटलेले कृष्णवर्णीय. 13 एप्रिल 1873, ईस्टरचा रविवार. गोऱ्यांची सशस्त्र टोळी तोफ घेऊन चालून आली. इमारत पेटवली. जे शरण आले त्यांनाही रात्री नेऊन गोळ्या घातल्या. मेले किती, याचा अंदाज साठपासून दीडशेपर्यंत जातो. मोजक्याच लोकांवर गुन्हा शाबीत झाला, आणि 1876 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तेही सुटले.

1950 च्या सुमारास राज्य सरकारने तिथे पाटी लावली. तिच्यात लिहिलं होतं, की या जागी 'कोलफॅक्सची दंगल' झाली, तीन गोरे आणि दीडशे निग्रो मारले गेले, आणि दक्षिणेतला उपऱ्यांचा, म्हणजे यादवी युद्धानंतर उत्तरेतून आलेल्यांचा, गैरकारभार संपला. हत्याकांडाला दंगल म्हटलं आणि वर त्याचं श्रेयही घेतलं! घटनेला तोवर पाऊणशे वर्षं उलटली होती, मग एवढ्या उशिरा हे लिहायची गरज कोणाला पडली? तेव्हा लुइझियानात शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, आणि बहुतेक कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवलेलं. ती व्यवस्था चालवणाऱ्यांना 1873 चं समर्थन हवं होतं, ते त्यांनी धातूत ओतून घेतलं. दुसरं साल वाचल्याशिवाय हे कळत नाही.

ती पाटी 2021 मध्ये निघाली. 2023 मध्ये, बरोबर दीडशे वर्षांनी, तिथे ग्रॅनाइटचं स्मारक उभं राहिलं, ज्यांची नावं सापडली त्यांच्या नावांसह. ते उभारण्यात मारल्या गेलेल्या माणसाचा एक वंशज आणि हल्लेखोरांपैकी एकाचा वंशज, दोघेही पुढे होते. या दोघांबद्दल मला फार आदर वाटतो.

खरी पाटी लावली म्हणजे ती टिकतेच असंही नाही. एमेट टिल हा शिकागोचा चौदा वर्षांचा मुलगा. 1955 मध्ये मिसिसिपीत गोऱ्यांनी त्याचा खून केला. टॅलाहाची नदीकाठी त्याच्या नावाची पाटी लावली, ती चोरीला गेली. दुसरी गोळ्यांनी चाळण झाली. तिसरीवरही गोळ्या झाडल्या. 2019 मध्ये चौथी लावली ती पाचशे पौंडांची, गोळी न भेदणारी.

आता आपल्या शहराकडे येतो. 13 मे 1985 रोजी वेस्ट फिलाडेल्फियात ओसेज अॅव्हेन्यूवर पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून एका घरावर बॉम्ब टाकला. घर मूव्ह या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचं होतं. अकरा माणसं गेली, त्यांत पाच मुलं. आग वेळेत विझवली नाही आणि एकसष्ट घरं जळाली. पुढे कित्येक वर्षं त्या कोपऱ्यावर याची एका ओळीचीही सरकारी नोंद नव्हती. 2017 मध्ये तिथे निळी पाटी लागली. ती कोणी लावून घेतली ठाऊक आहे? जवळच्या ज्युबिली स्कूलच्या मुलांनी. माहिती त्यांनी जमवली, अर्जासाठी खटपट त्यांनी केली. मोठी माणसं ज्या विषयावर बोलायला कचरत होती, तो या मुलांनी शहरासमोर आणला.

आपल्या राज्यात असा अर्ज कोणालाही करता येतो. राज्याचं ऐतिहासिक आयोग तो तपासतं. खर्च बहुतेक पुरस्कर्त्याने उचलायचा असतो. म्हणून मंडळापुढे माझा प्रस्ताव आहे.

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाई जोशी याच शहरातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. पुढच्या वर्षी, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती, आनंदीबाई पुण्यात गेल्या. त्यांचा रक्षाकलश, अमेरिकेत त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या थिओडोशिया कारपेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवला. तिथल्या दगडावर आनंदीबाई शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असल्याचं कोरलं आहे. जात कोरली, कॉलेजचं नाव मात्र राहून गेलं. मला ते खटकतं.

आपण अर्ज केला तर तो एकट्या आनंदीबाईंचा नसावा. 1885 चं एक छायाचित्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. त्यात साडीतल्या आनंदीबाईंशेजारी जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबूली बसल्या आहेत, दोघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. पुढे त्याही याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या. पाटीवर तिघींची नावं हवीत, आणि त्यासाठी इथल्या जपानी आणि सिरियन मंडळींकडे आपण होऊन जायला हवं.

कॉलेजची जुनी कागदपत्रं ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. अर्जाचा मसुदा आपल्या मराठी शाळेतल्या मुलांनी लिहावा. मोठ्यांनी त्यांना तिथे न्यायचं, आणून सोडायचं, आणि पैसे उभे करायचे. जेवणानंतर नावं लिहून घ्यायला मी दाराशी थांबतो आहे.