२५५ पैकी २५५

दिवाणी न्यायालयातला मागचा बाक. पुकारा होतो. वादीचे वकील उठून उभे राहतात. प्रतिवादीच्या बाजूला कोणीच नाही. पुन्हा पुकारा. पुन्हा शांतता. मग दोन वाक्ये, एक सही, आणि पुढची फाइल.

बाकावरची मुलगी मांडीवरच्या तक्त्यात रकाने भरते. प्रतिवादी हजर? नाही. वकील? नाही. वेळ? दोन मिनिटांच्या आत.

ती कायद्याची विद्यार्थिनी आहे. आमच्या या माहितीपटात तिच्यासारखीच मुले न्यायालयात बसून कोण आले, कोण नाही याच्या नोंदी करतात. या कामाचे तिला गुण मिळत नाहीत, मानधनही नाही. असे रकाने भरून काय होणार, असे तिला घरचेही विचारतात.

उत्तरासाठी १९७० च्या दशकातल्या आयर्लंडमध्ये जावे लागेल. कॉर्क शहरातल्या जोहाना एअरी यांना मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून कायद्याने विभक्त व्हायचे होते. तिथे तेव्हा घटस्फोटाची सोयच नव्हती, आणि विभक्ततेचा आदेश फक्त उच्च न्यायालय देऊ शके. वकिलाचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेर होता आणि अशा प्रकरणांसाठी सरकारी विधी साहाय्य नव्हते. सरकारचे म्हणणे साधे होते: न्यायालय खुले आहे, बाईंनी स्वतः येऊन बाजू मांडावी.

प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. ९ ऑक्टोबर १९७९ च्या निकालात कायद्याची गुंतागुंत, पुराव्याची अडचण, अशा वादात माणसाची होणारी भावनिक ओढाताण, या सगळ्याचा विचार आहे. त्यातच एक आकडाही आहे. जानेवारी १९७२ ते डिसेंबर १९७८ या काळात विभक्ततेचे २५५ अर्ज दाखल झाले होते. त्यांतल्या प्रत्येक अर्जदाराला वकील होता. २५५ पैकी २५५. स्वतः येऊन बाजू मांडणारा एकही नाही.

निकाल एअरी यांच्या बाजूने लागला. हक्क कागदावर असून भागत नाही, तो प्रत्यक्ष वापरता आला पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. पुढे आयर्लंडमध्ये दिवाणी विधी साहाय्याची योजना आली; तिला स्वतंत्र कायद्याचे रूप मिळायला १९९५ उजाडले.

या माहितीपटातली मुले जे करतात ते याच जातीचे काम आहे. कोणीतरी बसून मोजावे लागते. फौजदारी खटल्यात तुरुंग समोर दिसतो, म्हणून तिथे वकील मिळण्याचा हक्क आधी पोचला; अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९६३ मध्ये गिडियन खटल्यात मान्य केला. घर, पोटगी, मुलांचा ताबा, कर्ज यांच्या वादात मात्र तिथे आजही तशी सर्वसाधारण हमी नाही. डोक्यावरचे छप्पर जाणे ही तुरुंगापेक्षा फार लहान शिक्षा आहे, असे आम्हाला वाटत नाही.

अमेरिकेतल्याच प्यू या धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार, जिथली आकडेवारी मिळाली तिथे आधीच्या दशकात कर्जवसुलीच्या ७० टक्क्यांहून अधिक दाव्यांत एकतर्फी निकाल झाले. म्हणजे दुसरी बाजू ऐकलीच गेली नाही.

माणसे येत का नाहीत? समाजशास्त्रज्ञ रिबेका सँडिफर यांना अभ्यासात आढळले की पुष्कळ लोक आपल्या अडचणीला कायद्याची अडचण समजतच नाहीत. नशीब म्हणतात, देवाची इच्छा म्हणतात. आणि ज्यांच्या हातात समन्स पडते, त्यांना ते कळेल अशा भाषेत नसते.

म्हणून दुपारनंतर हीच मुले समन्सचे कागद सोप्या भाषेत लिहायला बसतात. एक वाक्य ऐका: “उक्त दिनांकी आपण कसूर केल्यास सदर दावा आपल्या गैरहजेरीत सुनावणी होऊन निर्णित करण्यात येईल.” आता मुलांनी लिहिलेले: “या तारखेला तुम्ही आला नाहीत, तर तुमचे म्हणणे न ऐकताच निकाल लागू शकतो.” ‘शकतो’ या शब्दावर बराच वाद झाला. नुसते ‘लागेल’ लिहिले तर घाबरून कोणी येईल, पण ते कायद्याला धरून होणार नाही. मग दोन्ही मसुदे कायद्याशी संबंध नसलेल्या माणसांना वाचायला दिले, आणि विचारले: हे वाचून तुम्ही उद्या काय कराल? ‘कळले का’ असे विचारायचे नाही, हा त्यांचा नियम. त्या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात.

मर्यादाही आहेत. विद्यार्थी वकील नसतो. कोणता अर्ज कुठे करायचा एवढे तो सांगू शकतो, तुम्ही तडजोड करा की लढा, हे नाही. मदत मागायला आलेल्या बाईचे डोळे भरून आले तरी नाही. ते सोपे जात नाही. शिवाय परीक्षा आल्या की मुले पांगतात, आणि अर्धवट तक्ते कपाटात राहतात. महाविद्यालयांनी हे काम पुढच्या तुकडीच्या हाती नीट सोपवण्याची व्यवस्था केली पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. तुटक नोंदींवरून न्यायाधीशांना किंवा मंत्रालयाला काहीही पटवता येत नाही.

दुपारचे सत्र सुरू होते. पुकारा होतो. या वेळी दाराशी हालचाल होते. हातात घडी घातलेला कागद घेतलेला एक माणूस आत येतो आणि कुठे उभे राहायचे ते न कळून थबकतो.

मुलगी तक्त्यात लिहिते: प्रतिवादी हजर. वकील नाही.