दुसरा स्विच घेतला, पुढे काय?

मंडळी, ‘आमच्याकडे पस्तीसच माणसं, आम्हाला कशाला दोन कोअर स्विच’ असा चेहरा करून मागे जे बसलेत, आजचं बोलणं त्यांच्यासाठीच आहे. ऑफिसातली प्रत्येक वायर ज्या एका डब्यात जाते तो हा कोअर स्विच. तो गेला, की टॅली गेलं, प्रिंटर गेला, दारावरचं बायोमेट्रिक गेलं. हजेरी लागत नाही म्हटल्यावर मात्र अख्खा स्टाफ नेटवर्कमध्ये रस घेतो. (हशा) तेव्हा दुसरा स्विच हवाच. माझं भांडण आहे ते ‘दुसरा आणला, झालं काम’ या समजुतीशी.

सदाशिव पेठेतलं एक ऑफिस. नाव सांगत नाही, मालक इथेही असतील. जुलैअखेर, रिटर्न भरायची घाई. त्यांनी दुसरा स्विच आणला. साधा, अनमॅनेज्ड, सेटिंगची भानगडच नको म्हणून. पहिल्याशेजारी ठेवला आणि दोघांमध्ये चक्क दोन पॅच कॉर्ड, म्हणजे छोट्या नेटवर्क वायरी, लावल्या. एक खराब झाली तर दुसरी आहेच! मिनिटभरात सगळं ठप्प. मी पोचलो तेव्हा दोन्ही स्विचचे झाडून सगळे दिवे एका लयीत लुकलुकत होते, आणि मालक म्हणतात, ‘बघा, दोन्ही जोरात चाललेत!’ चाललेच होते हो. ब्रॉडकास्ट फ्रेम, म्हणजे सगळ्यांना उद्देशून सोडलेला डेटाचा तुकडा, एका कॉर्डने जायची, दुसरीने परत यायची. आयपी पॅकेटला टीटीएल, म्हणजे किती टप्पे जगायचं त्याचा आकडा, असतो, फिरून फिरून ते मरतं. इथरनेट फ्रेमला तो नाही. ती मरत नाही, वर प्रत्येक फेरीत सगळ्या पोर्टांवर तिच्या प्रती सुटतात. मी एक कॉर्ड उपटली, नेटवर्क आलं. मालकांचा पुढचा प्रश्न: ‘नुसतं उपटायचे किती घेणार?’ (मोठा हशा)

यावरचा इलाज १९८५ चा. रेडिया पर्लमन बाईंनी डीईसी कंपनीत असताना स्पॅनिंग ट्री काढलं: जादा वाट स्विच स्वतःच बंद ठेवतात, मुख्य तुटली की उघडतात. बाईंनी त्यावर कविताही केली. पुण्यात स्विचवर कविता करणारं अजून कुणी भेटलं नाही, याचंच नवल वाटतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे जाहीर केलेला विषय आता सुरू होतोय.

भराभर सांगतो. दोन मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारे, कोअर घ्या. मजल्यावरच्या प्रत्येक स्विचमधून एक वायर या कोअरला, एक त्या. जुनं स्पॅनिंग ट्री वाट बदलायला तीस ते पन्नास सेकंद घेतं, तेवढ्यात फोन कट होतो. २००१ चं रॅपिड स्पॅनिंग ट्री लावा. रूट, म्हणजे सगळ्या वाटा ज्याच्यापासून मोजतात तो मुख्य स्विच, कोण ते तुम्ही ठरवा. प्रायॉरिटीचा लहान आकडा जिंकतो: एकाची ४०९६, दुसऱ्याची ८१९२. नाहीतर सगळे ३२७६८ वर राहतात, सर्वात लहान मॅक ॲड्रेसवाला, म्हणजे कारखान्यातून आलेला हार्डवेअर नंबर लहान तो, जिंकतो, आणि तो पॅन्ट्रीतला म्हातारा स्विचही निघू शकतो. दोन्ही कोअर स्टॅक केलेत, म्हणजे जोडून एकच स्विच असल्यासारखे चालवलेत, तर एलएसीपीने, म्हणजे वायरी एकत्र बांधायच्या पद्धतीने, दोन्ही वायरी एकदम वापरता येतात. पण फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं चढवताना अख्खा स्टॅक रीबूट होतो का, ते घेण्याआधी विचारा. स्टॅक नाही आणि गेटवे, म्हणजे नेटवर्कबाहेर जायचं दार, कोअरवरच आहे, तर व्हीआरआरपी लागेल; त्याने एक कोअर गेला की ते दार दुसरा सांभाळतो.

आणि वीज! दोन स्विच, पण यूपीएस एक, स्पाइक गार्डही तोच, हे पाहून पाहून मी थकलो. दुसऱ्याला वेगळा यूपीएस द्या, जमलं तर एमसीबीही वेगळी. सर्व्हरचा दुसरा लॅन पोर्ट रिकामा असेल, तो दुसऱ्या कोअरला लावा.

मग शनिवारी संध्याकाळी, स्टाफ गेल्यावर, पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ विचारणारा छोटा संदेश, चालू ठेवून पहिल्या कोअरचा प्लग काढा. किती पिंग पडले ते तारखेसकट रॅकच्या दारावर चिकटवा. इंटरनेटची दुसरी लाइन राहिलीच... संयोजक उभे राहिले. ते चहाला बोलू.