तारेवरची पत्रं

(दृश्य: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं घर, माजघराची भिंत, खिळ्याला अडकवलेली एक गंजकी तार)

ही तार बघा. खाली लाकडाची गोल चकती, वर आकडा, आणि मधे खच्चून खोचलेली पत्रं. आमच्या माईची, म्हणजे माझ्या आजीची तार. घरात पत्र आलं की आधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं, मग उत्तर लिहायचं आणि मग ते तारेत खोचायचं, हा नियमच होता. त्यामुळे सगळ्यात जुनं पत्र सगळ्यात खाली आणि प्रत्येकाच्या पोटात एक भोक, एखादं अक्षर नेमकं त्या भोकात गेलेलं.

आणि हा दुसरा ऐवज, नानांचा अल्बम. नाना म्हणजे आजोबा, त्यांना तिकिटं जमवायचा नाद, लिफाफा आला की तिकीट कापायचं, वाटीत पाण्यात भिजत घालायचं, अलगद सुटलं की वर्तमानपत्रावर वाळवायचं आणि अल्बमात लावायचं. अल्बम सुंदर आहे, मी लहानपणी तासन्‌तास बघत बसायचे. पण आज या दोन्ही वस्तू समोर ठेवल्या की मला तार जास्त बोलकी वाटते, का ते सांगते.

(दृश्य: अल्बमचं पान, राणी व्हिक्टोरियाच्या चेहऱ्याचं तिकीट जवळून)

हे तिकीट नीट बघा. चित्र इंग्लंडच्या राणीचं आणि त्यावर काळ्या शाईत छापलंय ग्वाल्हेरचं नाव, एकदा इंग्रजीत आणि एकदा देवनागरीत. 1885 साली जयाजीराव शिंद्यांच्या कारकिर्दीत ग्वाल्हेर दरबार आणि इंग्रज सरकार यांच्यात टपालाचा करार झाला. तिकीट सरकारचंच घ्यायचं, त्यावर संस्थानाचं नाव छापून घ्यायचं, आणि ते लावलेलं पत्र ग्वाल्हेर राज्यात तर चालायचंच पण पुण्याला, मुंबईला, काशीलाही चालायचं. परदेशी मात्र नाही, विलायतेला पाठवायचं तर साधं इंग्रजी तिकीट लावा. असा करार केलेली संस्थानं सहाच होती, पतियाळा, नाभा, जिंद, चंबा, फरिदकोट आणि आपलं ग्वाल्हेर.

आता शेजारचं इंदूर बघा. होळकरांनी 1886 पासून स्वतःची वेगळी तिकिटं काढली, त्यावर तुकोजीराव होळकरांचा चेहरा, लंडनला छापून आणलेली, दिसायला फार देखणी. पण ती चालायची फक्त होळकरांच्या राज्यात! म्हणजे इंदूरच्या मामाला ग्वाल्हेरच्या भाचीला पत्र टाकायचं असेल तर स्वतःच्या महाराजांचं तिकीट सोडून राणीचंच तिकीट घ्यायला लागायचं. तिकिटावर महाराजांचा चेहरा असणं ही मानाची गोष्ट होती, नाही कशाला म्हणू, पण पत्र पोचायला हवं असं वाटणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार केला तर मला ग्वाल्हेरचा सौदा जास्त शहाणपणाचा वाटतो.

या नाव छापण्यात चुकाही व्हायच्या, अक्षरांचे सुटे खिळे जुळवून छपाई, एखादा खिळा चुकीचा बसला की संपलं. ग्वाल्हेरच्या इंग्रजी नावात ओ च्या जागी सी पडलेली तिकिटं आहेत आणि संग्राहक ती भिंगाने शोधतात. नानांनीही आयुष्यभर शोधलं, सापडलं नाही. मला त्यात एक गोष्ट फार आवडते, सुरुवातीची ही छपाई कलकत्त्याची, पण 1925 ला नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, त्यानंतर काही वर्षांतच हे नाव नाशकात छापलं जायला लागलं. म्हणजे इथल्या मराठी माणसाने माहेरी पुण्याला लिहिलेल्या पत्रावरचं 'ग्वाल्हेर' हे नावसुद्धा नाशिकहून यायचं.

(दृश्य: महाराज बाडा, जिवाजीरावांचा पुतळा, मागे पोस्टाची इमारत)

पण तिकिटाच्या आधी पत्र कसं जायचं? मराठ्यांच्या काळात जासूद, काशीद, सांडणीस्वार. लखोटा थैलीत, थैलीला मोहोर, आणि माणूस धावतोय किंवा उंटावर बसून निघालाय. सरकारी डाक वेगळी, सावकारांची वेगळी, आणि पुष्कळदा सावकारांचीच आधी पोचायची कारण हुंडीचा भाव बातमीवर ठरतो. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं तेव्हा नानासाहेब पेशवे माळव्यात होते आणि त्यांना पहिली खबर कळली ती एका सावकारी पत्रातून, दोन मोती गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. हे आपण शाळेत शिकलोय सगळ्यांनी. पण मला नेहमी त्या काशिदाचं वाटतं, त्याच्या थैलीत काय आहे हे त्याला माहीत तरी होतं का, की तो आपला एक व्यापारी कागद म्हणून घेऊन पळत होता.

सामान्य माणसाला यातलं काही परवडायचं नाही. ते बदललं 1854 मध्ये, 1 ऑक्टोबरपासून इंग्रज मुलखात अंतर कितीही असो, वजनावर एकच दर, हलक्या पत्राला अर्धा आणा. आणि खरी क्रांती म्हणाल तर 1 जुलै 1879, पोस्टकार्ड आलं, किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा! एका पैशात ग्वाल्हेरची सून कोकणातल्या आईला लिहू शकते. माईच्या तारेवर नव्वद टक्के कार्डंच आहेत. वर मधोमध श्री, मग 'तीर्थरूप', 'कृ.सा.न.वि.वि.', मग पावसापाण्याची बातमी, मग कोणाला दिवस गेलेत, मग जागा संपली की कार्ड फिरवून कडेने उभं लिहायचं, मग पत्त्याच्या बाजूलासुद्धा एक ता.क. घुसवायचा. उघडं कार्ड, वाटेत कोणीही वाचावं. इथला पोस्टमन हिंदी बोलणारा पण लिपी तीच, तो दारातूनच माईला सांगायचा, आपके भाई आ रहे हैं. मोडीतलं पत्र असलं की मात्र तो गप्प. तारेच्या अगदी तळाशी तशी तीनचार आहेत, आणि आता घरात तीच आम्हालाही वाचता येत नाहीत.

(दृश्य: कार्ड उलटं, दोन गोल शिक्के)

आता मी म्हणत होते ते इथे आहे. या कार्डावर दोन शिक्के बघा. एक पुणं, 11 मे. दुसरा लष्कर, 14 मे. पहिला टाकल्याचा, दुसरा पोचल्याचा. बाजूला शिंद्यांचं राजचिन्ह नाही कारण हे कार्ड तिकडून आलंय, इकडून गेलेल्या कार्डांवर ते असायचं, मधे सूर्य आणि दोन्ही बाजूंना नाग. या दोन शिक्क्यांच्या मधे तीन दिवस आहेत आणि त्या तीन दिवसांत मुंबईहून निघणारी एखादी मेल गाडी आहे, 1912 पासून धावणारी पंजाब मेल इथूनच जाते, आणि गाडीत आर.एम.एस.चा, म्हणजे रेल्वे टपालसेवेचा डबा, त्यात रात्रभर उभे राहून लोक पत्रं कप्प्याकप्प्यात टाकतायत, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर. डब्याला बाहेरून पत्रपेटी असायची, पोस्ट बंद झालं तर धावतपळत स्टेशन गाठायचं, जास्तीचं लेट फीचं तिकीट लावायचं आणि थेट गाडीतच पत्र टाकायचं.

हे सगळं कार्डावर वाचता येतं. नानांच्या अल्बममधलं तिकीट पाण्यात सुटलं तेव्हा अर्धा शिक्का लिफाफ्यावर राहिला आणि लिफाफा बंबात गेला. कोणी लिहिलं, कोणाला, कुठून, काही उरलं नाही, उरला तो रंग. नानांचा दोष नाही, तेव्हा सगळेच असं करायचे. पण तुमच्या घरात जुने लिफाफे असतील ना तर प्लीज तिकीट कापू नका, अख्खा लिफाफा ठेवा, कोरड्या जागी, सेलोटेप अजिबात लावू नका, तो चिकटा कागद पिवळा करतो आणि कितीही केलं तरी निघत नाही.

ग्वाल्हेरच्या नावाची तिकिटं 1950 च्या एप्रिलपासून बंद होऊन भारताची आली, जुनी पुढे त्या वर्षअखेरपर्यंत चालवून घेतली. 1972 च्या 15 ऑगस्टला पिनकोड आला, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, पोस्टखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे पंडित. त्यांच्या मांडणीत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांचा पहिला आकडा 4. पुण्याचं 411, आमचं 474. माईला हे कळलं तेव्हा तिला इतकं बरं वाटलं होतं की विचारू नका, म्हणाली, बघ, सरकारलासुद्धा माहिती आहे.

(दृश्य: तार पुन्हा, पत्रं एकेक करून वर सरकवली जातात)

एक गोष्ट तारेवर नाही. लग्नाची पत्रं आहेत, कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं. बारशाची आहेत, परीक्षेच्या निकालाची आहेत. मृत्यूचं एकही नाही. ते कार्ड कोपरा फाडलेलं यायचं, दारातच कळायचं, वाचून लगेच फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. ही रीत मराठी घरांत होती आणि इथल्या हिंदी घरांतही.

पण बघा, ही माईच्या आईची कार्डं. पुण्याहून. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर, दर दहाबारा दिवसांनी एक. डिसेंबर, डिसेंबर, जानेवारी. जानेवारीच्या कार्डात लिहिलंय की खोकला आहे पण बरा आहे, तू काळजी करू नकोस, तिळगूळ पार्सलने पाठवला आहे. त्यानंतर काही नाही. मग फेब्रुवारीत एकदम पाच कार्डं, पाच वेगळी अक्षरं, एक मामांचं, एक काकूंचं, एक कोणा शेजाऱ्यांचं, आणि सगळी नानांच्या नावाने. मामांच्या कार्डावर तीनच ओळी आहेत, मधला शब्द भोकात गेलाय. 'तिला एवढ्यात', मग भोक, 'नका. आम्ही चैत्रात येतो.'

शिक्का पुणं, 9 फेब्रुवारी. लष्कर, 12 फेब्रुवारी.