आकडे दोन, कडा तिसरा

(इंदूर येथील मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

माझी उभी हयात जमीन मोजण्यात गेली, तेव्हा जिओकॅशिंग काय असतं ते मोजणीवाल्याच्या भाषेतच सांगतो. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो हुडकायचा. आत एक वही असते. तिच्यात नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथंच परत ठेवायचा. खजिना वगैरे काही नाही. निवृत्त माणसानं दोराला लोंबकळत जाऊन वहीत सही करून यायचं, हे आमच्या घरी अजून पटलेलं नाही.

या खेळाची जन्मतारीख पक्की सांगता येते. अमेरिकेचं सरकार पूर्वी जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरनं चुकायची. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं ती भेसळ बंद झाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थानं ऑरेगन राज्यातल्या जंगलात एक बादली ठेवली आणि तिचे निर्देशांक जाहीर केले. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. पुढं या खेळात श्रेणी आल्या. डबा शोधणं किती अवघड याला एक ते पाच आणि तिथवर पोचणं किती अवघड याला वेगळी एक ते पाच. दुसऱ्या श्रेणीतला पाचाचा आकडा म्हणजे साधनांशिवाय येऊ नका : होडी लागेल, पाणबुड्याचा सरंजाम लागेल किंवा दोर लागेल. आज बोलायचंय ते दोरवाल्या पाचाबद्दल.

निर्देशांक अंश आणि मिनिटांत देतात, मिनिटाला दशांशाची तीन स्थळं. शेवटचा आकडा एकानं बदलला, तर अक्षांशात सुमारे १.८५ मीटर सरकतो आणि आपल्या इंदूरच्या पट्ट्यात रेखांशात सुमारे १.७ मीटर. सपाटीवर हे झकास. राजवाड्यासमोर उभं राहून कुठल्या दगडाकडे बघायचं हेसुद्धा जवळपास कळेल. पण कड्यावर? कडा म्हणजे नकाशावर नुसती एक रेघ. वरची कड, मधली कपार आणि तळाचा धोंडा, तिघांचे अक्षांश-रेखांश एकच! तिसरा आकडा उंचीचा. तो डब्याबरोबर बहुधा कुणी देत नाही आणि जीपीएसची उंची आडव्या मोजणीपेक्षा जास्त चुकते. त्यात पाठीला खडक, म्हणजे अर्धं आकाश झाकलेलं. उरलेले संदेश दगडावर आपटून उशिरा येतात आणि यंत्र आपल्याला दरीत नेऊन उभं करतं.

याचा कळस म्हणजे २००८ साली अंतराळ पर्यटक रिचर्ड गॅरियट यांनी अंतराळ स्थानकावर ठेवलेला डबा. त्याचे निर्देशांक कझाकस्तानातल्या बैकनूर तळाचे आहेत, जिथून त्यांचं यान उडालं. जागा बरोबर, फक्त वर बघायचं!

आता माझी फजिती. चोरलच्या बाजूला, जिथं माळवा संपून निमाडात कोसळतो, तिथल्या एका कड्यावर आमच्याच ओळखीतल्या पोरांनी डबा लपवला होता. चाळीस मीटरचा दोर झाडात अडकवून दुहेरी सोडला, म्हणजे हाती वीस मीटर. मी उतरायला लागलो. वरून पोरगा विचारतोय, "काका, यंत्र काय म्हणतंय?" मी म्हटलं, "पोहोचलात म्हणतंय!" पाच मीटरवर तेच, दहावर तेच, पंधरावर तेच. कडा आत वळलेला होता, पाय टेकायला दगड नाही, मी दरवाज्यावरच्या तोरणासारखा हलतोय. आणि मग डिसेंडरला, म्हणजे दोरावरून सावकाश उतरवणाऱ्या कमरेच्या साधनाला, खालून गाठ येऊन अडली. दोर संपला होता. जमीन अजून पाच मीटर खाली.

ती गाठ मी निघताना कंटाळत मारली होती. दोराच्या टोकाला गाठ नसती, तर दोर डिसेंडरमधून निसटला असता आणि आज हे व्याख्यान झालं नसतं. रॅपलिंगमध्ये उतरणं सोपं, वजनच आपल्याला उतरवतं. मुद्दा असा, की तो रस्ता एकेरी असतो. वर यायची सोय कमरेला हवी. माझ्याकडे प्रुसिकच्या दोन दोऱ्या होत्या. १९३१ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी मांडलेली ही गाठ : वजन दिलं की दोराला आवळते, वजन काढलं की सरकते. एक हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, एक पायाला. सुरवंटासारखा वर आलो, तास गेला. आणि डबा? कडेपासून तीन मीटर खाली, एका फटीत. उतरताना त्याच्या नाकासमोरून गेलो होतो.

आपला इथला दगड बेसॉल्ट. लाव्ह्याचे थरावर थर आणि मधले काही पट्टे भुसभुशीत. ग्रॅनाइटवर शिकून आलेले इथं फसतात. म्हणून दगड आधी वाजवून बघायचा. पोकळ वाजला, तर त्यावर अँकर, म्हणजे दोर बांधायचा आधार, नको. आणि अँकर कधीही एक नाही, निदान दोन, एकमेकांवर न विसंबणारे. दुसरं भय आग्या मोहोळाचं. सपाटीवर माणूस निदान धावतो, दोराला लटकलेला कुठं धावणार? पोळं दिसलं की डबा विसरायचा.

पावसाळ्यात धबधब्याच्या कड्यांना हात लावू नका. जुलै २०११ मध्ये पातालपाणीला क्षणात लोंढा आला होता, ते इथल्या पुष्कळांना आठवत असेल. आणि हिवाळ्यात गिधाडांचे कडे सोडून द्या. लांब चोचीचं गिधाड कपारीतच घरटं करतं आणि मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं ते संपत आणलंय. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण गेलेली गिधाडं लगेच कुठून परत येणार! आपल्या गिधिया खोह धबधब्याच्या नावातच गिधाड आहे. तिथं कुणी डबा ठेवायला निघालं, तर मी आडवा येईन.

डबा पारदर्शक असावा, वर ठळक लिहावं काय आहे ते. स्टेशनवर रोज "लावारिस वस्तू"ची घोषणा ऐकणाऱ्या देशात बंद काळा डबा ठेवणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण. आणि खायचं काही ठेवू नये, असा नियमच आहे. आमच्या पोरांनी हौसेनं लसणी शेवेचं पाकीट ठेवलं होतं. पुढच्या खेपेला गेलो, तर वानरांनी डबा फोडलेला, शेव फस्त, वहीची पानं कड्यावर पसरलेली. माझ्या तासाभराच्या कष्टाची सही असलेलं पान काही सापडलं नाही. उल्मरच्या त्या पहिल्या बादलीतही खायचं होतं, घेवड्याच्या दाण्यांचा बंद डबा. तो मात्र अजून शाबूत आहे.