आधी पानं, मग भाजी

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘नागपूरच्या गच्चीवर बारमाही भाजी’. कुठल्या महिन्यात काय लावायचं ते सांगणारच आहे, कागद खिशात आहे. पण त्याआधी मला पानांबद्दल बोलायचंय. जानेवारी संपत आला. थोड्याच दिवसांत आपल्या गल्ल्यांतले कडुनिंब आणि पिंपळ पानं टाकायला लागतील. मार्च सरल्यावर हे बोलून काही उपयोग नाही.

गच्चीवर कुंड्या कोणाकोणाकडे आहेत? हात वर करा बरं. वा, निम्म्याहून जास्त. आता त्यातल्या कोणी कोकोपीटची वीट विकत आणलीय? बघा, बहुतेक तेच हात! नारळाच्या काथ्याचा तो भुसा दक्षिणेतून ट्रकमध्ये बसून आपल्याकडे येतो, आपण पैसे मोजून घेतो. आणि आपल्या दारातली पानं? ती फाटकाबाहेर ढीग लावून पेटवतात.

दर फेब्रुवारीत सकाळी फिरायला निघालं की माझा जीव खालीवर होतो. दर दहा-वीस घरांमागे एक ढिगारा धुमसत असतो. तो भडकून जळतही नाही, कारण आतली पानं दवानं ओली असतात. नुसता धूर निघतो आणि लोक नाकाला रुमाल लावून पुढे जातात. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी एकदा झाडणाऱ्या बाईंना म्हटलं, ‘ताई, पेटवू नका, मला द्या.’ त्या म्हणाल्या, ‘न्या नं काका, आमचं ओझंच कमी होते. पोतं तेवढं आणा.’ म्हणजे त्यांची ना नव्हतीच. त्यांना आठच्या आत रस्ता साफ दिसायला हवा, आणि पानं टाकायला कोणी जागा दिलेली नाही. तेव्हा माझं भांडण त्यांच्याशी नाही.

भांडण आहे ते आपल्यासारख्यांशी. एका वसाहतीच्या बागेत मी स्वतः पाहिलंय. सकाळी कोपऱ्यात पानं पेटवली आणि दुपारी त्याच बागेच्या फाटकाशी खताची पोती उतरवून घेतली. समितीतल्या गृहस्थांना विचारलं तर म्हणाले, ‘पानं पडून राह्यली तर बाग घाण दिसते भाऊ.’ घाण! त्याच झाडानं वर्षभर हवेतून, उन्हातून, पाण्यातून जे कमावलं, ते स्वतःहून आपल्या पायाशी आणून टाकलंय. सुक्या पानात जमिनीतून आलेलं असं फार थोडं असतं. जाळल्यावर जी चिमूटभर राख उरते, जवळजवळ तेवढंच. बाकी सगळं हवा आणि पाणी. गणिताचे प्राध्यापक असलेले श्रीपाद अच्युत दाभोळकर आणि स्वतः प्रयोग करून शेती शिकणाऱ्यांचा त्यांचा ‘प्रयोग परिवार’ महाराष्ट्रभर हेच समजावत राहिले. आपण ते ऐकतो, मान डोलावतो आणि काडी लावतो.

पाठीमागून कोणी म्हणालं, काळी माती काय वाईट? शेतात ती सोनंच आहे. देशाच्या मातीचं सर्वेक्षण करणारी संस्था आपल्या अमरावती रोडवरच आहे, मातीचं महत्त्व नागपूरकराला वेगळं सांगायला नको. पण तीच काळी माती कुंडीत भरली की पावसाळ्यात चिखल होते, पाणी निघत नाही, मुळं गुदमरतात. एप्रिलात आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि झाड तहानलेलंच राहतं.

शिवाय वजन. 20 लिटरची बादलीभर माती भिजली की तीस-पस्तीस किलोला जाते. माणसांच्या वावरासाठी असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून बांधतात. फूटभर जाडीचा ओल्या मातीचा वाफा तेवढ्याच जागेत पाचशे किलोंपर्यंत जातो. शेजारी ‘गच्ची गळेल, स्लॅब बसेल’ म्हणतात, तेव्हा त्यांना हसू नका. त्यांची भीती खरी आहे. पानांचं खत जास्त आणि माती कमी, असं मिश्रण त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतं. जड कुंड्या खालच्या भिंती आणि बीमच्या रेषेवर ठेवा, आणि प्रत्येक कुंडीखाली विटा ठेवून पाण्याला वाट द्या.

पानांचं करायचं काय, ते सांगतो. जुन्या कूलरचा गंजलेला टप नागपुरात कोणाच्या गच्चीवर नाही? त्याला तळाशी खिळ्यानं भोकं पाडा. वीतभर पानं, त्यावर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचा पातळ थर, त्यावर शेणाचं पाणी, पुन्हा पानं. पायानं दाबा. मूठभर काढून आवळलं तर हाताला ओल लागावी, पाणी टपकू नये. टपकलं तर कुबट वास येणार; सुकी पानं वाढवायची, वास जातो. कूलरच्या काढून टाकलेल्या ताट्या, म्हणजे बाजूचे गवती पॅड, फेकू नका, वर झाकायला त्याच उत्तम. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र कुंड्यांना घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, पानांच्या कडा करपतात.

एप्रिलात ती ताटी उचलून पाहा. वरची पानं अजून कडक असतात, पण वीतभर खाली कडुनिंबाची पानं काळी पडून विरलेली असतात आणि त्यांच्या फक्त काड्या उरतात. हाताला ऊब लागते. मृगाच्या पावसात माती दरवळते ना, तसाच वास. करड्या, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या आपलंच काम करताहेत. मे महिन्यात टप सावलीत ओढा आणि पाणी शिंपडत राहा, नाहीतर आपल्या 45 अंशांत कुजणं थांबतं आणि सगळं नुसतं वाळतं. जूनपर्यंत भरलेल्या टपाचा तिसरा हिस्सा उरतो. तीच तुमची माती.

आयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं! बरं, लिहून घ्या भराभर.

मृगाचा पाऊस नीट झाला की बरबटी (चवळीच्या शेंगा), भेंडी, गवार, अंबाडी, आणि मांडवाला दोडका, कारलं. वेलीला फुलं येतात, फळ धरत नाही, अशी तक्रार सगळे करतात. मादी फुलामागे बोटाएवढं इवलं फळ असतं, नराच्या मागे नुसती दांडी. गच्चीवर मधमाशी कमी येते, म्हणून नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला लावा. कारल्याला सकाळी, दोडक्याला संध्याकाळी, कारण दोडका संध्याकाळीच फुलतो.

जुलै-ऑगस्टमध्ये वांगी आणि मिरचीची रोपं करा. भिवापुरी मिरची आपल्या जिल्ह्याची, ती सोडून दुसरीकडे कशाला जायचं? टोमॅटो पावसाच्या अखेरीस लावा. पारा 35 च्या वर गेला की त्याचं फूल गळतं. नागपुरात एप्रिलात टोमॅटो धरत नाही म्हणून कोणी खतं ओतू नका, दोष उन्हाचा आहे. पुण्या-बंगळुरूचे व्हिडिओ पाहून आपलं वेळापत्रक ठरवू नका.

ऑक्टोबरपासून मेथी, पालक, मुळा, सांबार म्हणजे कोथिंबीर, वालाच्या शेंगा. सांबाराचे धणे रगडून दोन फाका करून पेरा. पालेभाजीला चार तास ऊन पुरतं, फळभाजीला सहा हवं.

फेब्रुवारीत ढेमसं, काकडी आणि चवळई. त्यांना ऊन चालतं, पण मार्चपासून 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा, पाणी सकाळी लवकर द्या, आणि प्रत्येक कुंडीवर चार बोटं सुकी पानं पसरा. मे महिन्यात नवीन काही लावू नका, आहे ते जगवा. त्या महिन्यात भाजी बाजारातूनच आणायची.

ढेमशाचं बियाणं दाराशी ठेवलंय, घरटी एक पुडी घ्या. त्यासोबत रिकामं पोतंही आहे. ते मात्र पहिली पानं पडली की लगेच झाडणाऱ्या ताईंकडे पोचवा, काडी लागायच्या आधी.