तिसरी खुर्ची

श्रोतेहो, नमस्कार. नव्या रॅप गाण्यांचे परीक्षण करण्यासाठी एक व्हायोलिनवादक आणि एक ड्रमवादक यांना एकाच टेबलाशी बसवावे, ही कल्पना माझी होती आणि तिचे प्रायश्चित्तही मीच घेतो आहे, कारण त्या दोघांच्या मधली तिसरी खुर्ची माझी असते. दर बैठकीत तीन नवी सिंगल्स, म्हणजे सुटी प्रसिद्ध झालेली गाणी, ऐकायची, दहापैकी गुण द्यायचे आणि ते का दिले हे सांगायचे, इतका साधा बेत होता. प्रत्यक्षात गुणांपर्यंत पोहोचण्याआधीच दोघांपैकी एकाची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येतो.

नव्या गाण्यांवर पाहुण्यांकडून निकाल मागण्याची रीत तशी जुनीच आहे. १९५९ साली बीबीसी दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘ज्यूक बॉक्स ज्यूरी’ या कार्यक्रमात गाणे चालेल असे ठरले तर घंटा वाजे आणि आपटेल असे ठरले तर भोंगा. आम्ही भोंगा घेतलेला नाही, कारण आमच्या ड्रमवादकांचा घसा त्या कामाला पुरेसा आहे.

साठी ओलांडलेल्या, सुरांच्या बाबतीत कमालीच्या काटेकोर अशा व्हायोलिनवाल्या बाई रॅपला नाके मुरडतील आणि ठेक्यावर जगणारे ड्रमवाले रॅपची बाजू घेतील, असा माझा अंदाज होता, आणि तो पहिल्याच गाण्याला साफ कोसळला. बाई डोळे मिटून ऐकत होत्या आणि ड्रमवाले मात्र कुणीतरी त्यांच्या शेतातून बैलगाडी घालावी तसे बसले होते. “यात ड्रम कोण वाजवतंय?” त्यांनी विचारले. यंत्र वाजवते आहे, असे मी सांगितले. “मग यंत्रालाच बोलवा परीक्षणाला,” ते म्हणाले.

त्यांच्या या दुखण्यामागे खरा इतिहास आहे. रोलँड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ नावाचे ड्रम मशीन बाजारात आणले. त्यातला ड्रम खऱ्या ड्रमसारखा अजिबात वाजत नसे, म्हणून ते फारसे खपले नाही आणि १९८३ साली त्याचे उत्पादन थांबले. पुढे तीच जुनी यंत्रे स्वस्तात मिळू लागली, आणि ज्यांना ड्रमवादक परवडत नव्हता त्यांनी ती उचलली. त्यातला खर्जातला ठोका एकदा पडला की घुमत राहतो आणि तो किती वेळ घुमावा हे एक बटण फिरवून ठरवता येते. आजच्या रॅपमध्ये छातीत जाणवणारा जो दणका असतो, तो पुष्कळदा त्याच ठोक्याचा वंशज असतो. ड्रमवाले त्याला ‘पोटात गुडगुडणे’ म्हणतात. बाई मात्र म्हणतात, “अरे, तो ठोका नाहीच, तो सूर आहे. वरखाली सरकतोय बघ, चक्क मींड घेतोय. आणि वरच्या पियानोशी जुळत नाहीये, थोडा उतरलाय. तुला ऐकू येत नाही?” ड्रमवाल्यांना ऐकू येत नव्हते, आणि त्या बैठकीत त्यांना सर्वांत जास्त झोंबले ते हेच.

त्यानंतर ‘अमेन, ब्रदर’ निघाले. ते दर बैठकीला निघतेच, फक्त कितव्या मिनिटाला निघेल एवढीच मला उत्सुकता असते. १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या बँडने हे वाद्यगीत ध्वनिमुद्रित केले. त्यात ग्रेगरी कोलमन नावाच्या ड्रमवादकाने एकट्याने वाजवलेला जेमतेम सात सेकंदांचा तुकडा आहे. पुढे तोच तुकडा कापून, लांबवून, वेग बदलून असंख्य गाण्यांत वापरला गेला आणि कोलमन त्याचा एक पैसाही न मिळता २००६ साली वारले. हे सांगताना आमच्या ड्रमवाल्यांचा आवाज खरोखर कापरा होतो, आणि त्या एका मिनिटापुरती बाईही त्यांची चेष्टा करत नाहीत.

मिनिट संपल्यावर मात्र करतात. “अरे, पण रॅप जन्माला आलं तेच मुळी तुम्हा लोकांच्या जिवावर,” त्या म्हणाल्या. मुद्दा बिनतोड होता. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका इमारतीत डीजे कूल हर्क यांनी बहिणीसाठी जी पार्टी वाजवली, तिथून हिप-हॉपची, म्हणजे रॅप ज्यात मोडते त्या संगीताची, सुरुवात झाली असे मानतात. इतर वाद्ये थांबून केवळ तालवाद्ये उरतात त्या काही सेकंदांना लोक सर्वाधिक नाचतात, हे हर्क यांनी हेरले होते. म्हणून एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन फिरत्या तबकांवर लावून ते तेवढाच भाग पुन्हा पुन्हा वाजवत, आणि त्या लांबवलेल्या ठेक्यावर माइकवरून बोलणे सुरू झाले. ड्रमवाल्यांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे बाई, घर आम्ही बांधलं आणि सातबाऱ्यावरून नाव आमचंच उडालं.”

दुसऱ्या सिंगलवरचा वाद थोडक्यात सांगतो, कारण ते गाणेही थोडक्यातच संपते. दोन मिनिटे आठ सेकंद, त्यात धृपद तीनदा आणि कडवे एकच. प्रवाही (स्ट्रीमिंग) सेवांवर गाणे तीस सेकंद ऐकले गेले की ते ‘ऐकले’ म्हणून मोजले जाते, तेव्हा सगळे गोड आधी वाढून मोकळे व्हायचे, असा आताचा हिशेब दिसतो. बाईंनी चार गुण दिले. ड्रमवाल्यांनी सहा दिले, “लवकर संपल्याबद्दल.”

तिसऱ्या गाण्याने मात्र घोटाळा केला. मिनिटाला नव्वद मात्रांची संथ लय, आणि गाणारी मुलगी प्रत्येक शब्द मात्रेच्या किंचित मागे टाकत होती, तरी चौथ्या मात्रेवरचे यमक नेमके जागेवर पडत होते. अशा लयीत सोळा बारचे, म्हणजे चार-चार मात्रांच्या सोळा आवर्तनांचे, कडवे साधारण त्रेचाळीस सेकंदांत संपते आणि तेवढ्या वेळात तिने एकदाही घाई केली नाही. ती उशिरा येते आहे असे बाई म्हणतील, म्हणून मी आधीच ड्रमवाल्यांकडे पाहून ठेवले होते. बाईंनी आठ गुण दिले आणि ड्रमवाल्यांनीही आठच दिले. “मागून गाते, पण सम सोडत नाही,” एवढेच ते पुटपुटले.

श्रोतेहो, भांडणारे पाहुणे सांभाळणे सोपे, पण एकमत झालेले पाहुणे सांभाळणे फार अवघड असते. कार्यक्रमाची चार मिनिटे उरली होती आणि दोघे आपापल्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत होते. मी हवामानावर बोलायच्या बेतात होतो, तेवढ्यात बाई सहज म्हणाल्या, “शेवटच्या ओळीआधी ती थांबते ना, ती जागा काय सुंदर घेतलीये.” ड्रमवाल्यांनी मान वर केली. “थांबत नाही बाई, तिचा दम संपतो.”

चार मिनिटे कशी गेली ते कळले नाही. माइक बंद झाल्यावरही दोघे जिना उतरताना भांडतच होते, आणि मी मागे राहून ती ओळ कानावर हेडफोन दाबून पुन्हा ऐकली. बरोबर एका मात्रेची मोकळी जागा आहे आणि तिच्यात श्वासाचा आवाज स्पष्ट येतो. दोघांचेही समाधान होईल या भाबड्या आशेने मी रात्री दोघांना तसे कळवले. तो श्वास आत घेतलेला आहे, असे बाईंचे ठाम मत आहे. ड्रमवाल्यांच्या मते तो सोडलेला आहे.